नाणं घासायचं नाही

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ट्रॉय गावातल्या आमच्या घरात सिंकपाशी उभी राहून मी देवाची चांदी घासत होते. सोमवारी बँकेत सही होती. घरावर लोन काढायचं आणि ते सगळं फ्लोरिडाजवळच्या समुद्रात बुडालेल्या एका स्पॅनिश गलबतातला खजिना शोधण्यावर लावायचं, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. घर दोघांच्या नावावर, म्हणजे सही माझीही लागणार. नाही म्हटलं तर घरात महाभारत, हो म्हटलं तर डोक्यावरचं छप्पर खाऱ्या पाण्यात. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, जस्ट डोन्ट साइन." तिला काय जातंय बोलायला!

हे गलबत आमच्या आयुष्यात आणलं काकांनी. नात्यातले नव्हेत, पण आम्ही या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर न्यायला तेच आले होते. पहिला हिवाळा आम्ही त्यांच्या घरचे कोट घालून काढला. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू काकूंनी केले. अशा माणसानं जेवायला बोलावून बेसमेंटमध्ये व्हिडिओ लावला, तर ‘काका, आधी कागद दाखवा’ असं कोण म्हणेल? पानात श्रीखंड वाढलेलं असताना आपली जीभच उचलत नाही. आमच्या मराठी मंडळातल्या एकाचीही उचलली नाही.

व्हिडिओत बोटीमागून लोखंड हुडकणारं यंत्र ओढत नेत होते. एक पाणबुड्या वाळूतून काळाकुट्ट गोळा वर काढत होता. व्हिडिओ संपला, आणि ज्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, त्या तिथे आलेल्या उंच, गोड बोलणाऱ्या माणसानं मग प्रत्येक कुटुंबाच्या हातावर एकेक नाणं ठेवलं. चांदीचं म्हणे, पण काळपट, वेडंवाकडं, एका बाजूला क्रूस. वर ताकीद दिली की घासायचं मात्र नाही, या काळेपणातच त्याची किंमत आहे.

आणि आम्ही शहाण्यांनी त्या नाण्याचं काय केलं? देव्हाऱ्यात ठेवलं! घरात धन आलंय, मग लक्ष्मीशेजारी नको का? एकदा हळदकुंकू लागलं की वस्तू देवाची झाली. तिला नखानं खरवडून कोण बघतो? ऑफिसात एका स्क्रूसाठी सप्लायरचा अख्खा माल परत पाठवणारा माझा नवरा रोज आंघोळ करून त्या नाण्याला हात जोडत होता. काकूंचं नाणं तर गणपतीत पाहिलं, ते हळदीकुंकवानं पार लिंपलेलं. क्रूससुद्धा दिसेना. मला वाटलं, काय ही भक्ती!

गलबत काही सापडेना. आधी वादळ आलं, मग परमिट अडकलं, मग सीझनच संपला. आमची शिल्लक केव्हाच त्यात गेली होती. आता म्हणे जागा नक्की झाली, फक्त मोठी बोट हवी.

"अरे, ज्याला सोन्याची जागा सापडलीये, तो आपल्या घराच्या मागे कशाला लागेल?" मी विचारलं होतं.

"तुला नाही कळायचं. काका काय मूर्ख आहेत?"

यावर काय बोलणार, कपाळ?  पण तेव्हापासून येता-जाता एकेक भिंत मी हात लावून बघायचे.

तर त्या सकाळी निरांजन झालं, करंडा झाला, आणि ते नाणं हातात आलं. ताकीद आठवली. पण लक्ष्मीपूजनाला काळी चांदी पूजेत मांडायची? माझ्या आईनं फोडून काढलं असतं मला. घेतली टूथपावडर आणि घासलं. काळं निघालं, खाली पांढरं चमकलं. बरं वाटलं. म्हणून अजून जोरात घासलं, तर अंगठ्याखाली पिवळं दिसलं. मला वाटलं हळद असेल. धुतलं, पुन्हा घासलं. पिवळं वाढतच गेलं. पितळ! वरून नुसता चांदीचा मुलामा. 

नवऱ्याला हाक मारली. त्यानं ते खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं आणि स्टुलावर बसला.  मग म्हणाला, "एखादं खोटं निघू शकतं. काकांचं बघू." बाई गं, अजूनही! मला त्या पितळेपेक्षा त्याच्या आवाजाची जास्त भीती वाटली.

दुपारी फराळाला काकांकडे गेलो. काका बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडत होते. दुसऱ्या दिवशी कॅप्टन येणार होता, आणि मंडळातली नवी जोडपी त्याला ऐकायला. नवरा त्यांच्याकडे खाली गेला. मी स्वयंपाकघरात काकूंजवळ. त्यांचा देव्हारा तिथेच, पँट्रीच्या फळीवर. मी मूठ उघडून आमचं नाणं पुढे केलं.

काकू दचकल्या नाहीत.  त्यांनी मागे वळून बेसमेंटचं दार बघितलं, देव्हाऱ्यातलं आपलं नाणं उचललं आणि पदरानं पुसलं. हळदकुंकू निघालं. खाली तसंच पिवळं.

"गेल्या दिवाळीत घासलं मी," त्या हळूच म्हणाल्या.

"काकू! आणि बोलला नाहीत?"

"ह्यांनी होतं नव्हतं ते सगळं घातलंय गं त्यात. खोटं आहे म्हटलं, तर हे जगतील का? मला भीती वाटते."

"आणि आमचं घर? सोमवारी सही आहे आमची!"

 त्यांनी चिमूटभर हळद घेतली, नाण्याला नीट लावली आणि ते जागेवर ठेवलं. मग माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला. वळले तर दारात नवरा उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "सोमवारी नाही जायचं." मला रडूच फुटलं. घर वाचलं! डोळे पुसतेय तोवर तो पुढे म्हणाला, "पण कुणाला बोलू नकोस हं. काकांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उद्या येत नाही म्हणून कळवू, ताप आलाय म्हणू."

मी मान हलवली. खरंच, हो म्हणून हलवली. आणि मग डब्यावरचा माझा अंगठा दिसला. काकूंच्या हातची हळद डब्याला लागली होती, तीच माझ्या बोटाला. म्हणजे आता झाकणारी मीसुद्धा. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"गाडी वळव," मी म्हणाले. "काकांच्या खुर्च्या मांडून व्हायच्या आत."