रेघेबाहेरचा लाल

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या दिवसांतली गोष्ट. नंदुरबारच्या वेशीबाहेर आमची मिरचीची पथारी होती, म्हणजे ओली मिरची वाळायला पसरायचं उघडं मैदान. तिथे बायांबरोबर मीही देठ खुडायला बसायचे. त्या वर्षी पावसाळ्यात माझी चौदा वर्षांची लेक विषमज्वरानं गेली, आणि मला रडू आलं नाही. बाराव्यालाही नाही. सासूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "रडी ले माय, रडी ले." अहो, रडू काय सांगून येतं? मला तर डाळीत मीठ आहे की नाही तेही कळेनासं झालं होतं.

लेकीला पाण्याच्या रंगांचं भारी वेड. आधी कागद भिजवायची, मग त्यावर रंग सोडून गंमत बघत बसायची. मला ते मुळीच पटायचं नाही. "रेघेबाहेर गेला तो रंग कसला? नुसते फराटे!" मी करवादायचे. ती हसून म्हणायची, "आई, हात सैल सोड गं. पाणी जाईल तिकडे जाऊ दे."

हिवाळ्यात एका दुपारी पथारीवरून आले आणि तिची रंगपेटी काढून बसले. का, ते विचारू नका. हातांना काहीतरी हवं होतं. पेन्सिलीनं पथारी काढली, एकेक मिरची आखली, एकेक भरली. ऊन उतरेपर्यंत मान मोडून बसले. चित्र अगदी नीटनेटकं झालं, पण त्यात जीव म्हणून नव्हता. माझ्यातही नव्हता, मग त्याच्यात कुठून येणार?

ब्रशाला टोक यावं म्हणून त्याचे केस चिमटीत पिळले आणि ओठांत धरले. सुईत दोरा ओवतानाची सवय, दुसरं काय! दिवसभर देठ खुडलेली बोटं, राखेनं धुतली तरी मिरची जाते थोडीच? जीभ अशी पेटली की "अगं आई गं!" करत मी उठले, आणि वाटीतलं सगळं पाणी कागदावर सांडलं.

पुसायला फडकं उचललं आणि थांबले. लाल रंग रेघा ओलांडून पसरत चालला होता. एकही मिरची वेगळी दिसेना, पण पथारी दिसायला लागली, सकाळच्या उन्हात दिसते तशी. मी आणखी पाणी सोडलं. आणखी लाल सोडला. कागद तिरपा करून बघितला. हात कधी सैल झाला, कळलंच नाही.

माझी ओरड ऐकून सासूबाई भिंत धरत धरत गुळाचा खडा घेऊन आल्या. त्यांना कमी दिसायचं. कागद डोळ्यांशी धरून म्हणाल्या, "हाई आपली पोरनी काढेल शे ना?"

"नाही, मी," म्हणायला तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. मग दुसरा. मग थांबेचना.

त्यांनी गूळ माझ्या तोंडात घातला. "मिरची झोंबनी, माय. उतरी जाई."

जीभ तर केव्हाच निवली होती.