विमानतळावरचा काटा आणि आबांचा पाय

विमानतळावर जाणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: वजनकाट्याजवळ वडिलांना उभे करू नका.

स्वातंत्र्यानंतर लगेचच मला दिल्लीत नोकरी लागली. सांगलीहून आबा मला मुंबईच्या विमानतळावर पोचवायला आले. तेव्हा प्रवाशाचे आणि सामानाचे वजन एकत्र करत. माझे इतके भरले, की कारकून म्हणाला, "गुळाची ढेप इथेच ठेवा."

ढेप माझ्या फीसाठी धडपडलेल्या, आता दिल्लीत असलेल्या गुरुजींसाठी होती. मी रडकुंडीला येऊन खाली पाहिले, तर काट्यावर आबांचा पाय! गूळबाजारात ढेपा विकताना वजन वाढवायची जुनी सवय.

"आबा, पाय काढा!"

"आरं, चारचौघांत हलका भरशील की!"

पाय निघाला, काटा उतरला, ढेप विमानात चढली. आबा मात्र हिरमुसले.

"एवढा शिकलास, पर अंगात कायबी न्हाई रं गड्या!"