सालेमचे विंटर टायर

आमच्या कॅनडातल्या किचनर गावच्या ऑफिसात सालेमचे किस्से इतके साठलेत, की नवीन जॉइन झालेल्या माणसाला लॅपटॉपच्या आधी सालेमचा किस्सा मिळतो!

सालेम आमचा टेस्टिंगवाला. अरब. त्याच्या मुलखावर शेजारच्या देशाने कब्जा केलाय. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी तुरुंग झाला, मग हद्दपारी. म्हातारी आई तिकडेच राहिली. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. बर्फात न घसरणारे विंटर टायर घेत नाही! "या हिवाळ्यात मी घरी असणार. आई म्हणाली." आई दर फोनला हेच म्हणते. अकरा वर्षं झाली!

*

दर डिसेंबरला याची गाडी पार्किंग लॉटमध्ये अडकते आणि मी अन् नागपूरचा वानखेडे ढकलतो. एकदा वानखेडे भडकला. "अबे, तुझा देश स्वतंत्र व्हायचा तेव्हा होईल, माझी कंबर आत्ताच गेली ना!"

सालेम गंभीरपणे म्हणाला, "तुझं नाव जखमींच्या यादीत घालतो."

*

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये देशांची यादी आहे. सालेमने बग टाकला: "माझा देश सापडत नाही." मॅनेजरने शेरा मारला: "नोन इश्यू. पुढच्या रिलीजला बघू."

सालेम जाम खूश! "इतकी वर्षं जगभर अर्ज पाठवतोय. इश्यू आहे, हे मान्य करणारे तुम्ही पहिलेच!"

*

पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणून केलेल्या ऑफिसच्या जेवणाला, प्रत्येकाच्या डिशवर आपापल्या देशाचा छोटा झेंडा लावायचा होता. सालेमचा झेंडा मिळेना. एचआरच्या बाईंनी, बिचाऱ्या भल्या बाई, त्याच्या हातात नेमका कब्जेवाल्यांचाच दिला. "हा जवळचाच आहे ना?"

सालेमने थँक्यू म्हटलं आणि तो झेंडा वानखेडेच्या सावजी चिकनमध्ये खोचला.

"जरा झोंबू दे त्यांना!"

*

त्याला कॅनडाचा पासपोर्ट मिळाला तेव्हा आम्ही केक कापला. मी शहाण्याने म्हटलं, "आता टुरिस्ट म्हणून जा की आईला भेटायला!"

"व्हिसा कोण देणार? ज्यांनी घर घेतलं, तेच ना? फॉर्मवर विचारतात, भेटीचं कारण काय."

"मग लिही ना, आई!"

"मागे एकदा लिहिलं होतं. पुरेसं कारण नाही, असं उत्तर आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केक तसाच राहिला.

*

गेल्या नोव्हेंबरात लंचच्या वेळी त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी आता अंथरुणाला खिळलेली. बाहेर पहिला बर्फ पडत होता. तिने फोन खिडकीकडे धरायला लावला, बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. सालेमने फोन टेबलावर ठेवला.

"काय म्हणाली रे आई?" वानखेडेने विचारलं.

"म्हणाली, टायर घे."

ऑफिस सुटल्यावर आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने उत्तमातला सेट काढला. "पाच हिवाळे कुठे जात नाहीत!"

सालेमने टायरवरून हात फिरवला. मग विचारलं,

"एकाच हिवाळ्यापुरते नाहीत का?"