गाजरवाले मिस्त्री

माझ्या तोंडावर प्लास्टिकचं घमेलं उपडं पडलं होतं आणि त्याच्यावर चारीची सगळी माती. हात हलत नव्हते. जवळच कुठंतरी माझ्यासोबत मजुरीला असलेली शेवंताही गाडली गेली होती. अर्धापूरजवळच्या एका केळीच्या शेतात पाइपलाइनसाठी जेसीबीनं चारी खोदली होती. आम्ही दोघी तळाची माती भरून वर देत होतो, तेवढ्यात कड ढासळली. जेसीबीची घरघर मातीतून माझ्या पोटापर्यंत येत होती. आता बकेट येणार आणि मधोमध तोडणार, असं वाटलं.

बकेट आलं नाही. एक माणूस त्याच्यापुढं आडवा झाला होता. त्यांना आम्ही गाजरवाले मिस्त्री म्हणायचो.

त्यांचा खरा धंदा विहिरीवरच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. जमिनीतले जुने लोखंडी पाइप शोधायला त्यांनी एक यंत्र घेतलं होतं. लांब दांडी, खाली ताटासारखं गोल. ताट वाजलं की इथं धातू आहे एवढंच कळायचं. नेमकं कुठं, ते दुसरं हत्यार सांगायचं. वीतभर, केशरी, टोकाला निमुळतं, थेट गाजर. उकरलेल्या मातीत ते खुपसायचं. धातू जवळ आला की थरथरायचं. लोक त्यांना हरवलेलं सोनं शोधायला बोलवू लागले. काहीजण लिंबू-हळद घेऊन गुप्तधनासाठीही येत. मिस्त्री म्हणायचे, "हंडा घावला असता तर मी तुमच्या मोटारी भरत बसलो असतो का, बाबा?"

कुदळीला ते हात लावू देत नसत. "पैले ऐका, मग उकरा," हे त्यांचं ठरलेलं. एका मालकानं घाईनं फावडं मारलं तर म्हणाले, "मालक, हरवलेलं शोधायचं का फोडायचं, ते आधी ठरवा." आणि बोटांनी माती उकरत बसले.

शेवंताचं सोन्याचं डोरलं केळीत पडलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. शोधायच्या आधी सगळ्यांनी अंगावरचा धातू काढायचा, असा त्यांचा नियम. शेवंता जोडवी काढेना. "सवाष्ण हाय मी, मिस्त्री. कशी काढू?" त्यांनी तिला लांब बांधावर उभं केलं. मग माझ्याकडं वळले.

"मावशी, तुमचं?"

"माझं समदं नवरा मेला तवाच काढलंय," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. पण माझ्याजवळ आल्यावर यंत्र वाजलंच. कमरेला तंबाखूची पितळी डबी होती.

"ही डबी लई बोलून राहिली, मावशी. द्या इकडं."

"न्हाई द्यायची. मलाबी बांधावर उभं करा."

ते हसले आणि मला शेवंताशेजारी पाठवलं. तासाभरात डोरलं सापडलं. ते तिच्या हातात ठेवताना त्यांनी बजावलं, "बाई, कामाला येताना सोनं घालून येत जाऊ नका. नुसती काळी पोत बास." शेवंतानं ऐकलं. डोरलं पेटीत ठेवलं ते ठेवलंच.

चारी ढासळली त्या दिवशी मिस्त्री त्याच शेतात जुन्या पाइपाचा जोड शोधत होते. पुढचं मला इतरांनी सांगितलं. त्यांनी जेसीबी थांबवला, फावडी-कुदळी लांब फेकायला लावल्या आणि ताट फिरवलं. एका जागी खणखणीत वाजलं. तिथं माणसं हातांनी उकरायला बसली. दुसरा आवाज येईना. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी रांडव हाय, तिच्या अंगावर काय वाजणार?"

मिस्त्री म्हणाले, "डबी हाय तिच्यापाशी."

ते पुन्हा फिरले. बारीक आवाज आला. तिथं ते स्वतः उकरत गेले, गाजर खुपसत गेले. ते माझ्या कमरेला टोचलं आणि थरथरलं, ते मला कळलं. कमरेपासून तोंड लांब नसतं. त्यांनी माझ्या तोंडावरचं घमेलं उचललं.

शेवंताची जोडवी वाजली होती. माणसांना तिचे पाय सापडले. पायापासून डोक्यापर्यंत उकरत जायला फार वेळ गेला.

पंधरा दिवसांनी मिस्त्री माझ्या दारात येऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला.

"डोरलं गळ्यात असतं तर गळाच वाजला असता, मावशी. ते मीच काढायला लावलं."

"मग मी डबी दिली न्हाई, म्हणून मी शहाणी का?" मी म्हटलं. "कड ढासळली, मिस्त्री. तुम्ही न्हाई ढासळवली."

त्यांना ते पटलं नाही. माझंही समजावण्यात डोकं चालत नाही. त्यांनी यंत्र दुकानात खिळ्याला टांगलं, परत काढलं नाही. कुणी सोनं शोधायला बोलवायला आलं तर म्हणत, "मशीन बिघडलं." ते बिघडलं नव्हतं, मला माहीत आहे. नंतर दुकान विकून ते लातूरला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. मला महिन्यानं कळलं.

डबी अजून कमरेला आहे. तंबाखू मात्र डॉक्टरनं बंद केली.

चारीत आम्ही दोघी होतो. शेवंता चाळिशीची, घरी दोन लेकरं. मी पासष्टीची, मागं कुणी नाही. वाचले मी.