लिस्बन ते प्राग, सव्वातीन तास

त्या दिवशी दुपारचा एक वाजत आला होता. शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या ऑफिसात मी डिलिव्हरीचे कागद तपासत होते, तेवढ्यात लेकीचा मेसेज आला. ती प्रागला शिकते. मैत्रिणींबरोबर लिस्बनला फिरायला गेली होती आणि आता एकटीच परत निघाली होती. मेसेज इंग्रजीत होता. घाबरू नकोस, इंजेक्शन हॉटेलवर राहिलं, विमान सुटतंय.

लगेच फोन लावला. बंद.

तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधीसुधी नाही; त्रास झालाच तर लगेच टोचायचं ते इंजेक्शन कायम जवळ ठेवावं लागतं. पाच वर्षांची असताना इथल्याच रोल्ला भागात शेजाऱ्यांकडे तिने दाण्याच्या लाडवाचा एक घास खाल्ला आणि दहा मिनिटांत तिचा श्वास घरघरायला लागला. सिग्नलला अडकलेल्या गाडीत तिला मांडीवर घेऊन मी कशी बसले होते, ते आजही कुणाला धड सांगता येत नाही.

कॉम्प्युटरवर शोधलं. लिस्बन ते प्राग, सव्वादोन हजार किलोमीटर, सव्वातीन तास. म्हणजे आम्ही मुंबईला जातो तेवढाच वेळ. तेवढ्यात ट्रॉली किती वेळा फिरते, शेजारचा माणूस दाण्यांची किती पाकिटं फोडतो, हे मला पाठ होतं.

नवरा रास अल खैमाला साइटवर होता, त्याला फोन केला. "अगं, एकोणीस वर्षांची आहे ती. सांगेल क्रूला," तो म्हणाला. मग तोच विचारू लागला, "विमानात असतं का गं त्यांच्याकडे इंजेक्शन?"



शेजारच्या टेबलावरची वसईची मैत्रीण खुर्ची ओढून जवळ बसली. तिने माझा फोन स्वतःकडे घेतला. त्यावर तिने विमानाचा माग दाखवणारा नकाशा उघडला; विमान सरकत होतं.

"कुठे आलं?"

"अजून स्पेनवरच आहे."

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, "वळलं नाही ना कुठे?" मधल्याच एखाद्या विमानतळावर ते घाईने उतरलं, तर त्याचा अर्थ काय, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"नाही गं. सरळ जातंय."

मॅनेजर "यल्ला, पेपर्स?" म्हणत घाई करत आला. मी कागद दिले. त्यांवर शिक्का उलटा बसला होता.

साडेचारच्या सुमारास फोन वाजला.

"आई, लँडेड."

तिने चढतानाच हवाई सुंदरीला सांगितलं होतं. आसपासच्या लोकांना त्यांनी दाणे न खाण्याची विनंती केली होती. तिने स्वतः काहीच खाल्लं नव्हतं, पाणीही आपल्याच बाटलीतलं प्यायली होती. "आय वॉज सो स्केअर्ड, आई," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. घरी माझ्या काळजीला हसणारी पोरगी ती.  

मैत्रिणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे तिला विचारू लागली, नवं इंजेक्शन मिळवायला जवळचा दवाखाना कुठे आहे, आज उघडा असेल का.