राहिलेलं वाक्य

"तिथूनच बोल गं. फरशी पुसलीय," पल्लवीची आई म्हणाली.

मी पोर्चच्या पायरीखाली, उन्हात. पल्लवी दारात, हातात मोबाईल. तेवढ्यात तिच्या गल्लीतल्या दोन मैतरणी आल्या अन् धुळीच्या चपलांसकट आत गेल्या. फरशीचं कुणी नाव काढलं न्हाई.

आमी नववीत. नागरिकशास्त्राच्या सरांनी व्हॉट्सॲपवर चर्चेचा ग्रुप काढलेला. दर रविवारी एक प्रश्न, ज्यानं त्यानं बोलून उत्तर पाठवायचं. फोन नसंल तर मैतरणीच्या फोनवरून. आमच्या घरात एकच फोन, बटनाचा, तोबी बाबासंगं झरीला वीटभट्टीवर.

लय जळायचे मी पल्लवीवर. तिच्या मोबाईलवर, त्याच्या गुलाबी कव्हरवर. बोट लावलं की तिचं बोलणं सगळ्या वर्गात जायचं. माझं उंबऱ्याशी अडायचं.

त्या रविवारचा प्रश्न होता, आपल्या गावात समता आहे का? पल्लवीनं मोबाईल माझ्याकडं धरला. मी बोलले, "समता धड्यात हाय. गावात मेल्यावरबी आमची जाळायची जागा येगळी. अन् आत्ता हे बोलतानाबी मी पल्लवीच्या फरशीवर न्हाई, खाली उभी हाय."

"पाठवते," पल्लवी म्हणाली.

सोमवारी सरांनी मोबाईल स्पीकरला लावला. आवाज पल्लवीचा! बोलणं माझं, शुद्ध करून. शेवटचं वाक्य तेवढं गाळलेलं.

"याला म्हणतात जागरूक नागरिक. वाजवा टाळ्या!" मग सर माझ्याकडं वळले. "अन् तू गं? हक्क पाहिजेत, तोंड उघडायला नको. फुकट्या कुठल्या!"

वर्ग फिदीफिदी हसला. मोबाईल तिचा, घर तिचं, टाळ्याबी तिच्याच. अगं, एक बोलणं तरी माझं ठेवायचं होतंस!

मी उभी राहिले. "सर, शेवटचं वाक्य राहिलंय."

अन् बोलले. जसंच्या तसं. पल्लवीनं मान खाली घातली.

"घरच्या भानगडी वर्गात आणायच्या नाहीत. खाली बस."

"घरच्या न्हाईत सर. धड्यातल्या हायत."

बसले न्हाई. तास संपेपर्यंत उभीच.

आता मी परभणीला अकरावीत. आजबी कुणी मोठ्या मनानं आपला मोबाईल पुढं करतं, बोल म्हणतं. पल्लवी आठवली की आजबी पोटात जळतं. जळू दे. उसन्या दारातून मी पुन्हा बोलणार न्हाई. बोलंन ते माझ्या तोंडानं, समोर उभी राहून. शेवटच्या वाक्यासकट.