नानांची हाळी

“राम कृष्ण…” एवढंच म्हणून नाना थांबायचे. पुढचं ‘हरी’ बाकीच्यांनी म्हणायचं. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म हमाली केली. कापसाच्या गाठीला सगळ्यांचे हात लागले की नाना हाळी द्यायचे आणि ‘हरी’ला गाठ उचलली जायची. देवाशी त्यांचं एवढंच काम.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी जळगावला दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून, एसटीत उभ्यानं येऊन आडवी झाले की पलीकडून सुरू! “राम कृष्ण…” मग बाईच्या आवाजात “हरी”. पुन्हा तेच. तुमच्याही शेजारी असा जप चालत असेल, तर माझं डोकं का फिरायचं ते तुम्हाला सांगायला नको.

एकदा तणतणत गेलेच. “नाना, जरा हळू घ्या ना देवाचं नाव! झोपू द्याल की नाही मला?”

नाना बायकोचं तोंड पुसत होते. “देवना करता नही माय. तिना जिभना करता शे.”

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. लकव्यानं अक्कांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कित्येक महिने एक शब्द नाही. मग एकदा त्यांना खाटेवरून उचलताना नानांच्या तोंडून सवयीनं “राम कृष्ण” गेलं, आणि अक्का चक्क म्हणाल्या, “हरी.” नाना त्यांना तसंच धरून रडले. हाही शब्द हरवेल, या धास्तीनं ते दिवसभर हाळी देत बसायचे.

त्यांची आशा मात्र दांडगी. चहाची बशी पुढे धरायचे. “हाई काय शे?”

“हरी.”

“हरी नही वं! चहा! चहा म्हन!”

“हरी.”

नाना हसायचे आणि चहा पाजायचे. मला म्हणायचे, “एक सबद ती आपलाआप बोलनी म्हंजे झायं.” असे पेशंट मी पाहिलेले. पाठ असलेलं म्हणतात, पुढे सरकत नाहीत. मी अक्कांची उशी सरळ करायचे झालं.

नाना फार थकले होते हो. बसल्या जागी डोळा लागायचा, ओठ तेवढे हलायचे. “थकी गऊ माय,” म्हणायचे. मीही थकलेलीच. पायरीवर बसून राहायचो दोघं.

यंदाच्या उन्हाळ्यात नाना गेले. जिनिंगमधले जुने सोबती आले. तिरडीला हात लावून सगळे वाकले आणि तसेच थांबले. हाळी कोण देणार? ते काम कायम नानांचं. दाराशी खुर्चीत बसलेल्या अक्कांना मी धरून होते. माझ्या हाताखाली त्यांचा खांदा हलला.

“राम कृष्ण…”

अक्का म्हणाल्या. त्यांच्याआधी कुणी काही म्हटलं नव्हतं.

“हरी,” सगळे म्हणाले, आणि नाना उचलले गेले.